मार्लेचे श्राद्ध

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या छोटेखानी कथेतला जेकब मार्ले नाताळच्या आदल्या रात्री मरतो आणि बरोबर सात वर्षांनी, त्याच रात्री, आपला हयात भागीदार एबेनेझर स्क्रूज याच्या बिऱ्हाडी प्रकट होतो, हा तपशील इंग्रज वाचकाला रचनेची एक सोय वाटत असेल. परंतु बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या पालीसारख्या गावात जो कोणी ही कथा वाचील, त्याला पहिल्याच प्रकरणात कोणी न सांगता उमगेल की, ती रात्र मार्लेची तिथी होती, आणि सात वर्षांत त्या तिथीला कोणी त्याच्या नावाने घासभर अन्न बाजूला काढले नव्हते. स्क्रूज हा मार्लेच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, त्याच्या मालमत्तेचा एकमेव वारस आणि त्याच्यामागे शोक करणारा एकमेव माणूस. तो मार्लेच्याच खोल्यांत राहतो, पेढीच्या दारावर मार्लेचे नाव तसेच ठेवून व्यवहार करतो, आणि भागीदाराच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा एक किफायतशीर सौदा पदरात पाडून घेतो. ज्याने मृताचे धन घेतले त्याने त्याचे उत्तरकार्य करावे, असा आपल्या धर्मशास्त्राचा जुना दंडक आहे. डिकन्सला या दंडकाची वार्ताही नसावी. पण धन घेऊन कार्य टाळणाऱ्या वारसाकडे मृत माणूस स्वतःच चालत येतो, ही कल्पना त्याला लंडनच्या धुक्यात सुचली आणि आपल्याकडे ती शतकानुशतके पंचांगात वावरत आली, एवढे मात्र खरे.

पुस्तक निघाले ते १९ डिसेंबर १८४३ रोजी. चॅपमन अँड हॉल हे प्रकाशक, पाच शिलिंग ही किंमत, आणि नाताळाच्या आत सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती संपली. त्याच वर्षी बालकामगारांच्या स्थितीविषयीचा सरकारी चौकशीचा अहवाल वाचून डिकन्स इतका अस्वस्थ झाला होता की, गरिबांच्या मुलांच्या वतीने एक प्रकट पत्रक काढण्याचा त्याचा मनसुबा होता. तो त्याने बाजूस ठेवला आणि पत्रकाऐवजी भूत पाठवले. १८३४ च्या नव्या दारिद्र्यविषयक कायद्याने निराधारांना अनाथाश्रमवजा कारखान्यांत कोंडण्याची व्यवस्था केली होती, आणि स्क्रूज धर्मादायाची वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना त्याच व्यवस्थेकडे बोट दाखवून वाटेला लावतो. त्या रात्री त्याच्याकडे चार पाहुणे येतात खरे, पण आपल्या परिभाषेत त्यांतले भूत एकच. पुढचे तिघे, म्हणजे गत नाताळाचा, चालू नाताळाचा आणि भावी नाताळाचा आत्मा, हे कोणा मेलेल्या माणसाचे अवशेष नव्हेत. ते काळपुरुषाचे तीन अंश म्हणावेत. त्यांतला मधला, झग्याखाली दोन हडकुळी पोरे झाकून आणणारा, मला सर्वांत सरस वाटतो, आणि तिसरा, न बोलता केवळ बोट दाखवणारा, इंग्रजी टीकाकारांनी कितीही वाखाणला असला तरी थोडा नाटकी. मार्ले मात्र सोळा आणे भूत आहे. त्याच्या कमरेभोवती साखळी आहे, आणि ती गुंफली आहे तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपे, खतावण्या, दस्तऐवज आणि पोलादी थैल्या यांची. खिडकीबाहेर त्याच्यासारखीच आणखी भुते तरंगत आहेत, आणि त्यांतले एक, पायाला लोखंडी तिजोरी अडकलेले, खालच्या उंबऱ्यावर तान्हे मूल घेऊन बसलेल्या बाईला आता मदत करता येत नाही म्हणून आक्रंदत आहे.

नाताळात भुताच्या गोष्टी सांगण्याची चाल इंग्लंडात डिकन्सच्या आधीपासून होती. त्याने तिला छापखान्याची जोड दिली, आणि पुढे आपल्या नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून ती चाल वार्षिक व्यापारात बदलली. त्या नाताळ अंकांच्याच धर्तीवर काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि नारायण धारपांसारख्या लेखकांची भुते पुढे ज्या अंकांतून महाराष्ट्राच्या घरोघरी शिरली, त्या अंकांची कूळकथा अशी लंडनच्या डिसेंबरपर्यंत जाऊन पोचते. प्रत्यक्ष नाताळाचा सण मराठवाड्यात आला तो मिशनच्या वाटेने. मुंबईत १८४३ मध्येच, म्हणजे कॅरोलच्याच वर्षी, ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला त्या सुमाराचा खरा सण मात्र निराळाच, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. त्या दिवशी शिवारात कडब्याची कोप उभारून, भज्जी आणि अंबील करून, येईल त्याला जेवू घालतात, आणि त्या पंगतीत भुताखेतांना मुळीच आवतण नसते.

मृतांचे आगमन आपल्याकडे होते ते भाद्रपदाच्या वद्य पक्षात. मूग-उडीद घरात आलेले असतात, बाजरी कणसात असते, आणि अशा वेळी प्रत्येक मृत मनुष्य आपापल्या तिथीला येतो. सौभाग्यवती मेलेल्या नवमीला येतात, आणि ज्यांची तिथी विस्मरणात गेली त्या सर्वांची सोय अमावास्येला केलेली असते. या एकंदर आदरातिथ्याचे शास्त्र ज्यांनी बांधले त्यांत आपल्याच मुलखातला एक मोठा अधिकारी आहे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा जो प्रचंड धर्मग्रंथ सिद्ध केला, त्याच्या परिशेषखंडातला श्राद्धकल्प एवढा विस्तीर्ण आहे की, राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने पितरांचेही दप्तर तितक्याच काटेकोरपणे लावले होते असे वाटावे: कोणी बोलवावे, कोणाला बोलवावे, कोणते धान्य चालावे, कोणत्या प्रहरी पान वाढावे. शास्त्राने तीनच पिढ्यांना पिंडाचा अधिकार दिला, पिता, पितामह आणि प्रपितामह, आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य या देवगणांची रूपे दिली. स्क्रूजकडे आलेले तीन आत्मे काळाच्या तिन्ही दिशांनी येतात. आपले तिघे एकाच दिशेने, भूतकाळातून, वयाच्या क्रमाने येतात.

कुणब्याच्या घरी हेमाद्रीचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिथे पितर जेवू घालायचे म्हणजे खीर, कढी, वडे, भोपळ्याची आणि गवारीची भाजी करायची, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-भाताचा घास ठेवायचा, पत्र्यावर किंवा माळवदावर कावळ्यासाठी पान ठेवायचे, आणि भाऊबंदांपैकी व गावापैकी चार माणसांना त्या मृताच्या नावाने पाटावर बसवायचे. उन्हाळ्यात अक्षय्यतृतीयेला हाच पाहुणा तहानेला येतो, म्हणून त्याच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा कुंभ द्यायचा; आणि अवर्षणाच्या मुलखात, जिथे वैशाखात हंड्याभर पाण्यासाठी कोसभर पायपीट झालेली आहे, तिथे मृताला दिलेला तो कुंभ भाद्रपदातल्या पंचपक्वान्नापेक्षा मोलाचा ठरत असला पाहिजे. दिवाळीत उंच बांधलेला आकाशदिवादेखील, पितृपक्षात आलेल्यांना परतीची वाट दिसावी म्हणून शास्त्राने सांगितलेल्या उल्कादानाशी नाते सांगतो. म्हणजे येणे, जेवणे, पाणी पिणे आणि उजेड दाखवून बोळवले जाणे, असा मृतांचा सालाबादचा रिवाज ठरलेला होता, आणि जो या रिवाजाने येतो तो पितर, जो रिवाजाबाहेर, अपरात्री, पिंपळावरून किंवा पडक्या वाड्यातून येतो तो समंध. ज्याच्यामागे क्रिया करणारा नाही, ज्याची वासना कशात तरी गुंतून राहिली, विशेषतः पुरलेल्या द्रव्यात, त्याची ही गत होते असे लोक मानीत. मार्लेची गणना यांतच करावी लागेल.

या सर्व व्यवस्थेत मला सर्वाधिक विचार करण्याजोगा भाग वाटतो तो दहाव्या दिवसाचा. पालीवरून वाहणारी बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीस. त्या संगमावर, अथवा तिथवर जाण्याची ऐपत नसेल तर जवळच्या कोणत्याही ओढ्याकाठी, पिंड मांडून माणसे कावळ्याची वाट पाहत बसतात. कावळा शिवला नाही की मृताचे मन कशात तरी अडकले आहे असे धरतात, आणि मग जमलेल्या मंडळींपैकी एकेक जण पुढे होऊन मोठ्याने शब्द देऊ लागतो: पोरीचे लग्न मी लावीन, धाकट्याला शाळेतून काढणार नाही, अमक्याचे देणे मी फेडीन. विधीच्या पोथीत हा भाग नसतो, पण चारचौघांच्या साक्षीने, जवळजवळ पंचनाम्याच्या थाटात, तिथे कुटुंबाच्या जबाबदाऱ्यांची फेरवाटणी होते. दिलेला शब्द पुढे पाळला जातोच असे नाही. तरीही त्या घटकेपुरता मृत माणूस हा जिवंतांकडून जिवंतांसाठी काही मागणारा ठरतो, आणि मार्लेने स्क्रूजकडे मागितले ते याहून वेगळे नव्हते.

परंतु भुताची मागणी नेहमी अशी परोपकारी नसे. कर्जवसुलीच्या इतिहासात त्याचा उपयोग फार निर्दयपणे झालेला आहे. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, दारातून कोणाला आत-बाहेर जाऊ देत नसे, आणि तिथेच प्राण गेला तर त्याचे पाप व त्याचा पिशाचरूपी सूड त्या घराच्या माथी बसेल, या भयाने ऋणकोचा धीर सुटे; या प्रकाराला धरणे म्हणत, आणि धनको ब्राह्मण असला तर ब्रह्महत्येचे आणि ब्रह्मसमंधाचे भय आणखी वरचढ. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अंमलदाराने अशा धरण्यांचे वर्णन केले आहे. ही पद्धत एवढी रूढ होती की, १८६० च्या भारतीय दंडसंहितेला तिची दखल घेणे भाग पडले: दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा ५०८ व्या कलमाने गुन्हा ठरला, आणि त्या कलमाखाली जे पहिले उदाहरण दिले होते ते दारात धरणे धरून बसलेल्या माणसाचेच. सरकारने अशा रीतीने भूत होण्याची धमकी बेकायदेशीर ठरवली, आणि तगाद्यासाठी धनकोला दिवाणी कोर्टाचा दरवाजा उघडून दिला. रयतेच्या दृष्टीने हा बदल लाभाचा झाला की तोट्याचा, हे सांगणे सोपे नाही. धरणे धरणाऱ्याला निदान स्वतः उपाशी राहावे लागे.

१८४३ साली आमचा हा मुलूख निजाम नासिरुद्दौला याच्या अंमलाखाली होता, आणि त्या वर्षी राज्याचा कारभार वर्षानुवर्षे हाकणारा राजा चंदूलाल पायउतार झाला तेव्हा त्याने मागे ठेवली ती कर्जात बुडालेली दौलत. तालुकेच्या तालुके सारावसुलीच्या इजाऱ्याने दिलेले, इजारदार सावकाराच्या मुठीत आणि रयत इजारदाराच्या; अरब जमादार आणि रोहिले सावकारी करीत आणि वसुलीसाठी हत्यार बाळगीत. दहा वर्षांनी, १८५३ च्या तहात, खुद्द निजामालाच इंग्रजी फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड आणि नळदुर्गाचा मुलूख कंपनीकडे लावून द्यावा लागला. निजामाचा दिवाण सालारजंग याने पुढे १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून इजाऱ्याची घडी मोडली, हे त्याचे मोठेच काम. पण गावच्या सावकाराच्या वहीला हात लावण्याइतका त्याचा हुकूम लांब पोचला नाही.

आणि त्या वहीत मृतांचे राज्य होते. पित्याचे ऋण पुत्राने सव्याज फेडावे, पितामहाचे ऋण पौत्राने बिनव्याजी, अशी स्मृतिकारांची आज्ञा, म्हणजे पिंड ज्या पायऱ्यांनी वर चढतो त्याच पायऱ्यांनी कर्ज खाली उतरत येते. आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनी ही आज्ञा अशी काही राबवली की, बापाने कवडीची मालमत्ता ठेवली नसली तरी मुलगा कर्जाला बांधलेला. १८६६ मध्ये मुंबई सरकारने कायदा करून वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली, तोवर हे चालले. आणि तो कायदा इलाख्याच्या सरहद्दीशी थांबला, सरहद्दीवरच्या आष्टीच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या काढून जाळल्या, आणि ते लोण नगर जिल्ह्यात, आमच्या सरहद्दीला भिडलेल्या कर्जत तालुक्यापर्यंत आले. माणसांना इजा फारशी झाली नाही. रोष होता तो कागदावर. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे, कुणबी लग्नकार्यांत आणि सणसमारंभांत पैसा उधळतो म्हणून बुडतो, हा सावकारांचा आणि साहेबांचा आवडता सिद्धांत आला, आणि आयोगाने तो तपासून नोंदवले की, या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. पितरांना जेवू घालून कोणी भिकेला लागत नव्हता. बी, बैल, सारा आणि बापाच्या रोख्यावरचे व्याज यांनी तो लागत होता. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला काहीसा दिलासा दिला. बीड पुन्हा सरहद्दीपलीकडे.

डिकन्सच्या कथेत साखळी धनकोच्या भुताच्या कमरेला आहे, आणि ती त्याने स्वतः कडीकडीने घडवली, असे तो स्वतःच कबूल करतो. दख्खनच्या इतिहासात मला ही साखळी उलटी दिसते: सावकार मेला तर त्याच्या वारसाला वही मिळे, कुणबी मेला तर त्याच्या पोराला साखळी. न्यायाची ही इंग्रजी कल्पना, की मेल्यावर का होईना, वजन ज्याचे त्याला उचलावे लागते, आमच्याकडच्या सावकारी दप्तरात कुठेही आढळत नाही, आणि म्हणून कॅरोल ही कथा येथे वाचताना शेवटचा आनंदीआनंद थोडा घशात अडकतो. स्क्रूजचे हृदय पालटले, त्याने मोठा टर्की पक्षी पाठवला, पंधरा शिलिंगांवर आठवडा काढणाऱ्या बॉब क्रॅचिटचा पगार वाढवला, ठीकच झाले. पण स्क्रूजच्या वहीतल्या बाकीच्या ऋणकोंचे काय झाले, हे डिकन्स सांगत नाही. बीड जिल्ह्यात आजही, दसरा-दिवाळीनंतर, मुकादमाकडून उचल घेऊन जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला निघतात, डिसेंबरात कित्येक घरांत म्हातारी माणसे आणि कुलपे तेवढी उरतात, आणि हंगामात माणूस दगावला किंवा अंथरुणाला खिळला तर न फिटलेली उचल पुढल्या हंगामाला घरच्या कोणाच्या तरी नावावर चढते. कायदा असे म्हणत नाही, व्यवहार म्हणतो.

मृत हे भुकेल्यांच्या बाजूने उभे राहतात, ही डिकन्सची मध्यवर्ती कल्पना आपल्या परंपरेला सर्वस्वी अनोळखी होती असे मात्र नाही. ती गोदावरीच्या काठी, पैठणला, त्याच्या अडीचशे वर्षे आधी घडलेली कथा म्हणून सांगितली जात होती. बीडहून पालीकडे येणाऱ्या रस्त्यालगत जी खजाना बावडी आहे, ती नगरच्या निजामशाहीतल्या सलाबतखानाने हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे १५८३ च्या सुमारास बांधवली; एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, १५८४ साली. तेव्हा बीडच्या शिवाराला पाणी देणारी ही विहीर आणि नाथांचा वाडा हे एकाच अमदानीतले. नाथांच्या घरी श्राद्ध होते, स्वयंपाकाचा सुवास मागच्या वाटेने जाणाऱ्या अंत्यजांच्या टोळक्याला लागला, आणि त्यांच्या तोंडून निघालेले भुकेचे बोल ऐकून नाथांनी व गिरिजाबाईंनी पितरांसाठी शिजवलेले सर्व अन्न त्यांना बोलावून वाढले. मग घर सारवून, पुन्हा पाणी भरून, दुसरा स्वयंपाक केला. पण निमंत्रित ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला. महिपतीने ही कथा अठराव्या शतकात आपल्या संतचरित्रांत सविस्तर सांगितली आहे, आणि तिचा पुढचा भाग असा की, नाथांनी रिकाम्या पाटांपुढे पाने मांडून पितरांना हाक दिली, आणि सूर्यनारायण, चक्रपाणी आणि भानुदास, म्हणजे नाथांचे वडील, आजोबा आणि पणजोबा, सदेह येऊन जेवून गेले.

ऐतिहासिक घटना म्हणून या कथेची उलटतपासणी करण्यात हशील नाही. संतचरित्रकाराला आणि त्याच्या श्रोत्यांना काय पटत होते याचा ती पुरावा आहे, आणि तो पुरावा असा की, तीन पिढ्यांचे पितर उष्ट्या-विटाळाचा वाद न घालता त्या घरी आले, जिथे आधी भुकेला जेवला होता. ज्ञानदेवांविषयीही पैठणच्याच श्राद्धाची अशी एक कथा परंपरेने सांगितली आहे, पण तिथे भर आहे तो त्यांच्या सामर्थ्यावर. नाथांच्या कथेत सामर्थ्यापेक्षा वाढण्याचा क्रम महत्त्वाचा. स्क्रूजला भुतांनी येऊन शहाणे केले. नाथांनी आधी वाढले आणि मग भुते, हा शब्द त्यांच्या पूर्वजांना लावणे शोभत असेल तर, आली.

महिपती एवढ्यावर थांबत नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाचे समाधान पितर जेवून गेल्यानेही झाले नाही. नाथांना प्रायश्चित्त घ्यावयास लावले गेले, आणि नाथांनी ते मुकाट्याने घ्यायचे मान्य केले. तेवढ्यात त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण विचारीत विचारीत आला. त्याला स्वप्नात आज्ञा झाली होती की, पैठणच्या एकनाथाने श्राद्धाच्या दिवशी अंत्यजांना जेवू घालून जे पुण्य जोडले, ते त्याने तुला दिले तर तुझी काया शुद्ध होईल. ज्या कृत्याबद्दल दंड चालला होता त्याचेच पुण्य मागायला माणूस दारात उभा राहिलेला पाहून सभा निरुत्तर झाली, आणि नाथांनी हातावर पाणी सोडून ते सगळे पुण्य त्याच्या नावे करून टाकले.